पुसायचे राहिलेले बाण

माझ्या मायच्या बोलण्यात माणसांची नावं कमी आणि ‘तो’, ‘ती’, ‘ते’ जास्त. सकाळी चुलीपुढं भाकर थापता थापता ती सुरू व्हायची, ‘‘तो आलता काल. तेनं तिले सांगतलं का ते काही येत नाही म्हने. मंग तिनं काय करावं? घेतली पिशवी अन् चालली तेच्या घरी!’’ यात कोण आलता, कुणी कुणाला सांगितलं आणि पिशवी घेऊन कोण कुणाच्या घरी गेली, हे बाहेरच्या माणसाला सात जन्मात कळलं नसतं. पण पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या बाबांना सगळं कळायचं. पाय न थांबवता ते म्हणायचे, ‘‘हाव, तिचं असंच हाय पहिल्यापासून.’’ मी दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून भाकर खात असायची आणि मलाही कळायचं. घरातली माणसं ठरलेली, नातेवाईक ठरलेले, त्यांची भांडणंही ठरलेली. नाव घ्यायची गरज कुणाला होती? बाबांचं नाव तर मायनं जन्मात घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती माझ्याकडं बोट करायची आणि मी सांगायची.

आमचं घर घाटंजीत, बाजाराच्या अंगाला. पुढच्या खोलीत बाबांचं शिंपीकाम, मागं स्वयंपाक, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी माझी पुस्तकं. मशीनची खडखड थांबली की मला अभ्यासातून जाग यायची, इतकी ती कानात बसलेली. बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया सकाळीच पोलक्याची कापडं टाकून जायच्या आणि उन्हं उतरायच्या आत शिवलेलं मागायच्या. बाबा निळ्या खडूनं कापडावर रेघा मारायचे, कात्री चालवायचे, आणि माय आत आदल्या दिवशीच्या भाकरी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. तो वास, कोऱ्या कापडाचा वास आणि मशीनच्या तेलाचा वास, हे तिन्ही मिळून माझं दहावीचं वर्ष. त्या वर्षात मी जेवढी घाबरले तेवढी पुढं दोन बाळंतपणांतही घाबरले नाही. तशी मी जन्माचीच भित्री. दार लावलं का, दिवा मालवला का, हे तीन-तीनदा पाहून येणारी. माय म्हणायची, ‘‘या पोट्टीचा जीव चिमणीचा हाय बाप्पा.’’

इंग्रजीची भीती तर विचारूच नका. बाकीच्या विषयात मी बरी होते. इंग्रजीत मात्र मी मायसारखी लिहायची. ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ यांचा नुसता बाजार, आणि त्यात माणूस एक नाही. सहामाहीला मी आमच्या घरावर निबंध लिहिला. पुंडलिक गावंडे सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘‘शालिनी, तुझ्या घरात किती माणसं राह्यतात?’’ मी म्हटलं, तीन. ‘‘मग निबंधात हे नऊ ‘ही’ कुठून आले? चोर शिरले का घरात?’’ सगळा वर्ग हसला. मी खाली मान घालून रडले. शाळा सुटल्यावर सरांनी फाटकाशी मला थांबवलं आणि म्हणाले, ‘‘उद्यापासून संध्याकाळी ओसरीवर येत जा. वही आण. रडणं घरी ठेवून ये.’’

सरांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. उंच, वाळका माणूस, कानावर लाल पेन्सिल, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. शाळेत पुस्तकी मराठी बोलायचे, पण चिडले की अस्सल वऱ्हाडी बाहेर पडायची. ओसरीवर आम्ही तिघी जणी यायचो. फी नाही, काही नाही. सरांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मुरमुऱ्यांत तिखट-मीठ कालवून आणून ठेवायच्या आणि आत जाऊन दाराआड बसून शिकवणं ऐकायच्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. सर शिकवताना ओसरीच्या भिंतीवरच कोळशानं लिहायचे. दिवाळीला काकू भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायच्या आणि त्यांचं बडबडणं आम्ही मजेनं ऐकायचो.

पहिल्याच दिवशी सरांनी भिंतीवर लिहिलं, ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट हिज बुलक वॉज सिक.’ आणि विचारलं, ‘‘बैल कोणाचा?’’

‘‘रमेशचा,’’ मी म्हटलं.

‘‘काहून? सुरेशचा काहून नाही?’’

माझ्या शेजारची म्हणाली, ‘‘दोघाइचा असन सर. भाऊ-भाऊ असतीन.’’

सर इतके हसले की आतून काकूंचाही आवाज आला. मग म्हणाले, ‘‘अगं, तिकडं बैल मरून राह्यला अन् ढोराच्या डॉक्टरले समजून नाही राह्यलं कोणाच्या गोठ्यात जावं! जिथं दोन माणसं उभी आहेत तिथं नुसतं ‘हिज’ म्हणून भागत नाही. नाव पुन्हा घ्या. नाव घेतल्यानं कुणाची जीभ झडत नाही.’’ दुसऱ्या दिवशी दुसरं वाक्य. मी चुलीवरून भांडं उतरवलं आणि ‘इट’ घासलं. काय घासलं, भांडं की चूल? तिसऱ्या दिवशी, ‘आमच्या गावात दे से की यंदा पाऊस नाही.’ हे ‘दे’ कोण? मी म्हटलं, सगळेच म्हणतात सर. ‘‘मग ‘पीपल’ लिही. ‘दे’ म्हटलं की मी दार उघडून पाहतो, कोण आलं म्हणून.’’ ‘धिस’ हा तर त्यांचा वैरी. चार ओळी सांगून पुढं ‘धिस इज बॅड’ लिहिलं की ते वहीच मिटायचे. चार गोष्टींतली कुठली वाईट ते सांग, ‘धिस’च्या मागं एक नाम लाव, मगच पुढं जा.

आणि यावर त्यांचा उपाय म्हणजे बाण. लिहून झालं की पेन्सिल घ्यायची. प्रत्येक सर्वनामाभोवती गोल करायचा आणि तिथून मागं, ज्या नावासाठी ते आलं त्या नावापर्यंत बाण न्यायचा. बाणाला दोन नावं सापडली तर वाक्य बदलायचं. एकही सापडलं नाही तर नाव लिहायचं. बाण लांब चार ओळी ओलांडून गेला तरी नाव पुन्हा लिहायचं. सगळे बाण जागेवर बसले की ते खोडरबरानं पुसायचे आणि मग वही सरांपुढं ठेवायची. पुसल्याशिवाय ठेवली तर ते हात लावत नसत. दोन महिन्यांत मला त्याची इतकी सवय झाली की मी पुस्तकातल्या धड्यांवर बाण मारायला लागले. मायच्या बोलण्यावर मनातल्या मनात मारायची आणि हरायची. आता पुसदला निवृत्तीचे दिवस काढतानाही सकाळी इंग्रजी पेपर वाचते तेव्हा हातात पेन्सिल असते. नात म्हणते, ‘‘आजी, तू पेपरवर हे काय करतेस?’’ तिचे मोबाईलवरचे निरोप पाहिले की माझी माय आठवते. ‘ती म्हणाली ती येत नाही कारण तिची तिच्याशी कट्टी आहे.’ चार मुली आहेत की दोन, देव जाणे.

परीक्षा आमच्याच गावात होती. इंग्रजीच्या दिवशी मायनं दही-साखर हातावर ठेवली आणि बाबांनी न सांगता मशीन बंद ठेवलं. ती शांतता मला जास्त जड गेली. पेपर चांगला गेला, खरंच चांगला गेला. बाजारावरचा निबंध मी दोन पानं भरून लिहिला आणि वीस मिनिटं उरली. मग माझ्यातली ती दिवा मालवला का पाहून येणारी जागी झाली. इथं एखादं ‘ही’ मोकळं तर नाही सुटलं? हात आपोआप कंपासपेटीत गेला, पेन्सिल निघाली, आणि मी हलक्या हातानं सगळ्या निबंधावर बाण मारले. सगळे जागेवर बसले. एक ‘दे’ तेवढा सापडला, तो बदलला. मग खोडरबर घेतलं आणि भराभर पुसत होते तोच घंटा झाली. पर्यवेक्षक बाई माझ्या ओळीपासूनच गोळा करत आल्या. मी पुरवणीची दोरी बांधत होते. बाईंनी, ‘‘पुरे गं,’’ म्हणून पेपर ओढला आणि गेल्या.

बाहेर येऊन बोरीच्या झाडाखाली उभी राहिले. पहिलं पान पुसलं होतं. दुसरं पुसलं का? आठवेना. पेपरवर छापलेलं मात्र शब्दन् शब्द आठवत होतं, की उत्तरपत्रिकेवर कोणतीही खूण करू नये. त्या दिवसापासून अडीच महिने मी तेच एक पान मनात पुसत होते. कधी वाटायचं पुसलं, चांगलं आठवतं, खोडरबराची भुगी फुंकली होती. कधी वाटायचं, ती भुगी पहिल्या पानाची. माय कुरडया घालत होती, मी राखायला बसायची आणि कावळे पाटावरून कुरडया उचलून न्यायचे. ‘‘अवं, डोये उघडे हायेत ना तुये? का कुठं गहाण टाकले?’’ असं ती ओरडायची. आंब्याच्या रसाचं ताट पुढं आलं तरी घास उतरत नव्हता. कुणाला सांगावं? सरांना सांगायचं तर त्यांची एकच शिस्त होती, पुसायची, आणि तीच मी मोडली होती.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि तीच मला जास्त खायची. सर बोर्डाचे परीक्षक होते. हे बोलायचं नसतं. कुणाचे पेपर कुणाकडं जातात हे गुपित असतं. पण आमच्या घरापासून ते लपणार कसं? तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे टपालानं परत पाठवायचे तर त्यांना वरून मांजरपाटाचं कापड शिवावं लागायचं, आणि ते कापड बाबा शिवायचे. मे महिन्यात सर दुपारच्या उन्हात गठ्ठा घेऊन यायचे, बाबा दाभणानं टाके घालायचे, सर समोर बसून राहायचे, आणि मग त्या टाक्यांवर लाखेचे ठिपके द्यायचे. पेपर कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यातले असायचे. आमच्या गावाशी त्यांचा काडीचा संबंध नसायचा. त्या वर्षीही सर गठ्ठा घेऊन आले. मी मधल्या खोलीतून पाहत होते. बाबा शिवून राहिले होते आणि माझ्या मनात आलं, माझ्या पेपरवर बाण राहिले असतील, आणि कुणी विचारलं की या खुणा कुणासाठी, तर लोक काय म्हणतील? शिंप्याची पोरगी, तिचा मास्तर परीक्षक आणि गठ्ठे शिवणारा तिचा बाप.

निकालाच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर यादी लागली. माझ्या नंबरापुढं आकडे नव्हते. ‘राखीव’ असं लिहिलं होतं. आधी मला वाटलं, ही काहीतरी वरची श्रेणी आहे. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘कापी केली असन.’’ दुपारपर्यंत ते सगळ्या बाजारात पसरलं. शिंप्याच्या पोट्टीनं कापी केली. मायनं दार लावून घेतलं आणि माझे दोन्ही दंड धरले. ‘‘खरं सांग. केली काय?’’ मी नाही म्हणाले. ‘‘मंग काहून असं लिवलं तेनं?’’ त्या वेळीही तिचा ‘तेनं’ कोण ते तिनं सांगितलं नाही, आणि मला त्याही स्थितीत हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना. रडत रडत मी बाणांचं सगळं सांगितलं. बाबा मशीनवरून उठून आले होते. ते सगळं ऐकून म्हणाले, ‘‘खडूची रेघ गिऱ्हाइकाले दिसली का शिंप्याची इज्जत गेली समज. मले ठाव हाय ते. पन तेच्यासाठी कोनी कापड फाडून नाही टाकत.’’ 

चार दिवसांनी मुख्याध्यापकांकडं बोर्डाचं पत्र आलं. पालकासह अमरावतीला हजर राहून खुलासा करावा. खुलासा पटला तर निकाल देऊ, नाही तर परीक्षा रद्द. यवतमाळच्या कॉलेजात आणि मुलींच्या वसतिगृहात माझं नाव लागायचं होतं. त्याची मुदत महिनाअखेरपर्यंत. वर्ष गेलं तर मी पुन्हा कधी पुस्तक उघडणार नाही, हे आमच्या तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. मावशीनं एक स्थळ आणूनच ठेवलं होतं.

मी सरांकडं गेले. त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं वही फेकतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सगळे बाण जागेवर होते?’’ मी म्हटलं, होते. ‘‘मग भ्यायचं काय कारण? तिथं खरं सांग. विचारतील कोणी शिकवलं, तर माझं नाव सांग. स्पष्ट सांग, पूर्ण नाव. वाटलं तर मीच येतो संगं.’’ मला रडू फुटलं, पण ते सुटकेचं. आता माझी जबाबदारी कुणीतरी घेतली होती. मी पायऱ्या उतरून अंगणाच्या फाटकाशी आले तर काकू कडुनिंबाच्या आडोशाला उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. काकूंचा हात थंडगार होता.

‘‘पोरी,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘याहिचं नाव नोको घेऊ तिथं. तुया पाया पडते.’’

‘‘पण काकू, सरच म्हणाले…’’

‘‘ते म्हनतीनच. तेहिले काय! दोनच वर्स राह्यले नौकरीचे. परीक्षक मानसाच्या शिकवनीची पोरगी पेपरावर खुना करते, असं कागदावर आलं का चौकशी लागन. मंग पेन्शन कुठची अन् काय कुठचं! आमाले पाहाले कोन हाय पोरी?’’ त्यांनी माझा हात उचलून आपल्या गळ्याला लावला. ‘‘माह्या गयाची आन हाय. अन् मी सांगतलं हेबी तेहिले सांगू नोको.’’

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? सोळा वर्षांची पोर, आणि आईच्या वयाची बाई पाया पडते म्हणते. दुसऱ्या दिवशी सर निघायची वेळ विचारायला दुकानात आले तेव्हा मीच बाबांच्या आधी बोलले, ‘‘तुम्ही नका येऊ सर. मी सांगते सगळं.’’ सर खूष झाले. ‘‘शाब्बास. आता कुठं हिंमत आली,’’ म्हणाले.

मायनं पहाटे उठून तिळाची चटणी आणि भाकरी बांधून दिल्या. घाटंजीहून यवतमाळ, तिथून दुसरी गाडी. नेरला गाडी थांबली तेव्हा बाबांनी खिडकीतून भजी घेतली आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. मी एकही खाल्लं नाही. सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवत होते. असं विचारलं तर असं सांगायचं, तसं विचारलं तर तसं. बाबांना वाटत होतं मी चौकशीच्या भीतीनं गप्प आहे. त्यांनी एकदाच विचारलं, ‘‘खरं सांगनार ना?’’ मी मान हलवली. हो आणि नाही या दोन्हींच्या मधली.

बोर्डाच्या कचेरीत एका खोलीत साहेब होते आणि कडेला एक लिहिणाऱ्या बाई. बाबांना बाहेर बाकावर बसवलं. टेबलावर माझा पेपर उघडा होता, दुसरं पान. सगळे बाण जसेच्या तसे. इतके दिवस मनात पुसलं होतं ते पान एकदाचं समोर आलं आणि, खरं सांगते, क्षणभर बरंच वाटलं. साहेब आवाज न चढवता बोलत होते.

‘‘या खुणा कशाच्या?’’

‘‘बाण आहेत. सर्वनामापासून नामापर्यंत.’’

‘‘कुणासाठी?’’

‘‘माझ्यासाठी.’’

‘‘कुणी परीक्षक ओळखीचे आहेत?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. एवढ्या पटकन म्हणाले की मलाच आश्चर्य वाटलं.

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. ‘‘जे सांगतेस ते इथं इंग्रजीत लिहून दे. म्हणजे पेपर तुझाच आहे की नाही तेही कळेल.’’ मी लिहायला बसले. वाक्यं आली. मी सर्वनाम लिहिते तेव्हा त्याच्यापासून त्याच्या नामापर्यंत बाण काढते. ही पद्धत मला माझ्या शिक्षकांनी शिकवली. बाण पुसायला त्यांनी सांगितलं होतं. दुसऱ्या पानावरचे बाण पुसायला मी विसरले. साहेबांनी वाचलं. भुवया थोड्या वर गेल्या. मग त्यांनी ‘माय टीचर’ या शब्दांवर बोट ठेवलं. ‘‘इंग्रजी स्वच्छ आहे तुझं. हे शिक्षक कोण? खाली नाव लिही.’’

पंखा फिरत होता. लिहिणाऱ्या बाईंनी पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं. नाव लिहिलं तर काकूंच्या गळ्याची शपथ आणि सरांची दोन वर्षं. नाही लिहिलं तर खुलासा अर्धाच, मग माझं वर्ष. साहेब म्हणाले, ‘‘लिही ना.’’ आणि मी लिहिलं, ‘आय डू नॉट नो हिज नेम.’

साहेबांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ‘‘ज्यानं एवढं शिकवलं त्याचं नाव माहीत नाही?’’

‘‘बाहेरगावचे होते,’’ मी म्हणाले. ‘‘सुट्टीत यायचे. आम्ही नुसतं सर म्हणायचो.’’

त्यांना खरं कळलं होतं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी फाईल मिटली. ‘‘ठीक आहे. अक्षर तुझंच आहे, असा शाळेचा दाखला आला की निकाल सोडू.’’ बाहेर बाबा उठून उभे राहिले. ‘‘सांगतलं?’’ मी म्हटलं, हो. परतीच्या गाडीत मी ती थंड भजी सगळी खाल्ली. भूक लागली होती. मला माझीच किळस येत होती आणि तरी भूक लागली होती.

माझं मन म्हणत होतं, झालं, सुटलो, सगळेच सुटलो. दाखला म्हणजे काय, ते मला कळलं नव्हतं. आठवड्यानं शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी अमरावतीला लिहून दिलेला कागद होता, आणि शेजारच्या खुर्चीत गावंडे सर. विद्यार्थिनीचं अक्षर ओळखून दाखला द्यायचा तो त्या विषयाच्या शिक्षकानं, त्याच कागदाखाली, असा नियम. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘सर, बघा आणि सही करा. पोरीचा प्रवेश चुकायचा.’’ सरांनी कानावरची लाल पेन्सिल काढून खिशात ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. चारच वाक्यं होती ती, आणि पाचवं. सर पाचव्यापाशी थांबले. पुन्हा वरून वाचलं. पुन्हा थांबले.

मी तोंड उघडलं. काकूंचा थंड हात आठवला आणि मिटलं. आज काकू नाहीत, सरही नाहीत. पेन्शन त्यांना शेवटपर्यंत मिळाली, ओसरी मात्र त्या वर्षानंतर भरली नाही. गळ्याची शपथ कुठवर चालते मला माहीत नाही. संपली असं धरून मी हे लिहिते आहे. मी पुढं शेकडो पोरांना इंग्रजी शिकवलं, बाण मारायला शिकवलं, आणि प्रत्येक वेळी कुणी विचारलं की बाई, तुम्हाला हे कोणी शिकवलं, तेव्हा नाव सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. पण ज्यांना ऐकायला हवं होतं ते तिथं नव्हते. मला तेव्हा लाज वाटली होती, ती अजून वाटते.

‘‘अक्षर हिचंच आहे,’’ सर म्हणाले. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली दाखल्याचं एक वाक्य लिहिलं, आणि त्याच्याखाली सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. पुंडलिक महादेव गावंडे, इंग्रजी शिक्षक. मग सही केली. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. मी वाट पाहत होते की ते काहीतरी विचारतील, ओरडतील, निदान चिडून वऱ्हाडीत बोलतील. त्यांनी कागद मुख्याध्यापकांकडं सरकवला आणि माझ्याकडं न पाहता शाळेतल्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले,

‘‘एकही चूक नाही.’’